परतीचे क्रियापद

मराठीत घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. कोकणीतही उंबऱ्यावरून ‘येतां हां’ असेच म्हटले जाते. ‘जाते’ अशुभ वाटते म्हणून ते टाळतात, एवढे कारण सांगून आपण हा विषय संपवतो. परंतु दीर्घ प्रवासानंतर आपल्या गावी परतण्यावर लिहिणाऱ्याला या रीतीतून बरेच शिकता येते. ‘जाणे’ आणि ‘येणे’ यांत हालचाल एकच असते. बोलणारा स्वतःला कुठे उभा समजतो, यावर शब्द ठरतो. ‘येते’ म्हणणाऱ्या व्यक्तीचे पाऊल बाहेर पडलेले असते, पण अंतर ती घरापासूनच मोजते.

हे मला वर्गात नव्हे, फोनवर कळले. नोकरीनिमित्त बरीच वर्षे वडोदरा आणि हैदराबाद येथे काढल्यावर एकदा मी पणजीत असलेल्या आईला सांगितले, “मे महिन्यात मी पणजीला जाणार आहे.” ती म्हणाली, “जाणार काय गं? येणार म्हण.” व्याकरण तिच्याच बाजूने होते. ऐकणारे माणूस जिथे असते, तिथे आपण ‘येतो’. पुढे मी कायमची परतले तेव्हा ‘येते’ असे कळवावे असे पणजीत कोणी उरले नव्हते.

वर्णनाचा क्रमही क्रियापदाप्रमाणेच आपली जागा उघड करतो. लहानपणी आम्ही मुंबईहून बोटीने येत असू. रात्र समुद्रात काढल्यावर सकाळी मांडवीच्या मुखाशी डावीकडे आग्वाद, उजवीकडे काबोचे टोक दिसे. मग मिरामारची वाळू, पलीकडे रेइश मागुशचा किल्ला, कांपालची झाडे आणि शेवटी जुन्या सचिवालयाजवळचा धक्का. शहर एकेक खूण पुढे करत जवळ येई. या वेळी मी रस्त्याने आले. पर्वरीच्या उतारावरून सगळी पणजी एकदम नजरेत आली. २०१९ मध्ये खुला झालेला अटल सेतू मधे उभा. मी नकळत यादी करू लागले: हे नवे, ते गेले, ते उरले. अशी यादी पाहुणा करतो. ‘माझे शहर आता बदलले आहे’ हे विद्यार्थ्यांच्या निबंधात हमखास येणारे वाक्य असेच पुलावरून लिहिलेले असते.

पणजीतच याचा एक मोठा दाखला भिंतीवर आहे. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात कामोइंश या कवीच्या ‘लुझियाद’ (१५७२) या महाकाव्यातील प्रसंग फरशांवर रंगवले आहेत. वास्को द गामाची सफर हा त्या काव्याचा विषय. त्याचे दहा सर्ग आहेत, पण लिस्बनला परत पोचण्याला कवीने जेमतेम एक कडवे दिले आहे. त्या काव्याचे क्रियापद ‘जाणे’ आहे. १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांसाठी मात्र तोच गामा ‘आला’ होता.

याउलट आपल्याकडे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ (१९०७) पाहावा. वरसईचे हे भटजी द्रव्य मिळवून आणण्यासाठी उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. मिळालेले द्रव्य लुटले गेले. अखेर त्यांनी घरी आणली ती गंगाजलाची कावड, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. ‘येणे’ला जसे ‘जाणे’, तसे ‘आणणे’ला ‘नेणे’. वेशीशी पोचल्याने गोडसे यांचे परतणे पुरे होत नाही. आणलेले कोणाला तरी अर्पण केल्यावर ते पुरे होते.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मळ्यातून चालले होते. एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या वृद्ध बाईंनी मान वर करून विचारले, “केन्ना आयल्यात?” त्यांनी मला ओळखले होते की नाही, सांगता येत नाही. “काल,” मी म्हटले. ‘येणे’ला ऐकणारे माणूस लागते, ते मला त्या पायरीवर भेटले. मग मी यादी करणे थांबवले.

विद्यार्थ्यांना आता मी एक अभ्यास देते. आपल्या गावी परतण्याचा एकच परिच्छेद दोनदा लिहा, एकदा ‘गेलो’ धरून, एकदा ‘आलो’ धरून. पहिल्यात कोणते तपशील आपोआप येतात आणि दुसऱ्यात कोणते गळतात, ते पाहा. आणि दुसरा परिच्छेद कोणाला उद्देशून लिहिला, त्या माणसाचे नाव वहीच्या समासात लिहा. नाव सुचत नसेल, तर परिच्छेद अजून पुलावरच आहे.