धारदार सुरी : सोय आणि सावधगिरी

आम्ही कापडवाले. कात्री बोथट झाली की कापडाचा काठ कुरतडतो, हे आम्ही रोज पाहतो. स्वयंपाकघरातील सुरीचेही तसेच आहे. चांगल्या पोलादाची सुरी पिकलेला टोमॅटो न चिरडता कापते, मनगटास जोर लागत नाही. बोथट सुरीस जोर द्यावा लागतो. मग ती घसरते आणि बोट सापडते.

मात्र धार गाफिलाला माफ करीत नाही. आम्हीच एकदा कलिंगड कापून नवी सुरी साबणाच्या पाण्यात, भांड्यांखाली टाकली. भांडी घासताना सूनबाईंचे बोट कापले, तीन टाके पडले. कसूर सुरीचा नव्हता, आमचा होता.

तेव्हा ध्यानात ठेवावे : सुरी वेगळी धुवून लगेच पुसावी, कार्बन पोलाद ओले राहिल्यास गंजते. लाकडी पाटावरच कापावे; स्टीलच्या ताटात धार मरते. हातातून निसटल्यास झेलू नये, मागे सरावे. धार लावताना दगडाशी साधारण २० अंशांचा कोन ठेवावा.

जबीहाच्या वेळी सुरीस धार असावी, जनावरास त्रास होऊ नये, ही हुजूर (स.) यांची शिकवण आहे. व्यापारी बंधूंनी सुरी विकताना पात्यास म्यान द्यावे आणि गिऱ्हाइकास दोन शब्द समजावून सांगावेत. मालाइतकीच ही जबाबदारीही आपली आहे.