वैरणीतील विष, रुग्णाचे औषध

जखम झाली असता रक्त गोठते, म्हणूनच प्राण वाचतो. परंतु हेच रक्त रक्तवाहिनीत अकारण गोठले, तर त्याची गुठळी हृदय, मेंदू वा फुप्फुस यांचा रक्तप्रवाह अडवून प्राणावर बेतू शकते. अशा गुठळ्या रोखणाऱ्या एका महत्त्वाच्या औषधाचा उगम वनस्पतीत आहे. त्याचा इतिहास बोधप्रद आहे.

१९२० नंतरच्या काही वर्षांत कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे रक्तस्रावाने दगावू लागली. शिंगे कापली वा खच्चीकरण केले, की रक्त थांबत नसे. बुरशी लागलेली ‘स्वीट क्लोव्हर’ ही वैरण त्यास कारणीभूत असल्याचे पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी दाखवून दिले. ही वनस्पती मेथीच्याच कुळातील आहे. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, ती वैरण आणि दुधाच्या किटलीत न गोठलेले रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे आला. लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९३९ मध्ये त्या वैरणीतून डायकुमारॉल हे द्रव्य वेगळे केले. रक्त गोठविणारी काही प्रथिने यकृतात तयार होण्यास ‘के’ जीवनसत्त्व आवश्यक असते. त्याच कार्यात हे द्रव्य अडथळा आणते. याच जातीचे वॉरफॅरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी वापरात आले आणि १९५४ मध्ये मानवी औषध म्हणून मान्य झाले.

विष आणि औषध यांतील अंतर येथे केवळ मात्रेचे आहे. म्हणूनच हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्या व अशा गोळ्या घेणाऱ्या रुग्णांची ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी नियमितपणे करावी लागते. हा आकडा ठरावीक मर्यादेत राखला जातो.

घरगुती अर्कांची मात्रा मात्र अशी मोजलेली नसते. जमीन, हंगाम, साठवण आणि काढण्याची रीत यांनुसार ती बदलते. लसणातील अजोईन हे द्रव्य रक्तातील बिंबाणूंना एकमेकांस चिकटू देत नाही. फोडणीतील लसणाची चिंता नको. पण लसणाचा तीव्र अर्क या गोळ्यांसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. उलट, पालकासारख्या पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व विपुल असते. त्यांचे प्रमाण एकाएकी वाढविल्यास गोळीचा परिणाम घटतो. भाज्या सोडू नयेत. त्यांचे प्रमाण सारखे ठेवावे.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावातील अशा रुग्णांना तीन गोष्टी समजावून सांगाव्यात. घेत असलेला प्रत्येक काढा, चूर्ण वा अर्क डॉक्टरांना सांगावा. झाडपाल्याच्या भरवशावर गोळी स्वतःहून बंद करू नये. हिरड्यांतून वा लघवीतून रक्त येणे, शौचास काळी होणे अशी लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. वनस्पतींत गुण आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या द्रव्यात गुण आहे, त्यात अपाय करण्याचीही शक्ती असते, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.