मैदानाचा पैसा किराणा बिलातून काढताना

किराणा दुकानात मिळणाऱ्या पॉइंटमधून मुलांच्या मैदानासाठी पैसा उभा करावा, ही कल्पना कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावात चटकन पटते. किराणा प्रत्येक घर भरतंच. त्याच बिलावरचे पॉइंट मैदानाला दिले तर कुणाच्या खिशाला तोशीस पडत नाही. मला भीती वाटते ती याच फुकटपणाची. आधी हिशेब मांडू. एका घराचा महिन्याचा किराणा सहा हजार धरा आणि दुकानदार अर्धा टक्का देतो असं समजा. महिन्याचे झाले 30 रुपये, वर्षाचे 360. दोनशे घरांनी वर्षभर त्याच दुकानातून माल भरला तर हाती येतात 72,000. तेवढेच पैसे साठ घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तरी जमतात. मग दोनशे घरांना एका दुकानाला बांधून घेण्यात शहाणपण कुठलं? अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीनेही खरेदीचा अर्धा टक्का संस्थांना देणारी ‘अ‍ॅमेझॉनस्माइल’ योजना 2013 मध्ये काढली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये बंद केली. रक्कम फार विखुरली जाते, एका संस्थेच्या वाट्याला सरासरी 230 डॉलरही येत नाहीत, असं कारण कंपनीनेच दिलं. तेव्हाच्या दराने हे एकोणीस हजार रुपयांच्या आत. पुढच्या वर्षीचा खर्च ज्यांनी या पैशावर धरला असेल, त्यांचा तो आधार गेला.

आपल्याकडे याहून मोठी अडचण उधारीची आहे. सोयाबीन आणि हळद विकली की खातं चुकतं करायचं, हा इथला रिवाज. पॉइंट मिळतात ते रोखीच्या, मोबाइल नंबर घातलेल्या बिलावर. रोजंदारी करणारी बाई संध्याकाळी दहा रुपयांची चहापत्ती आणि पावशेर तेल घेते. तिच्या नावावर काहीच जमा होत नाही. मैदानावर सर्वांत जास्त वेळ असतात ती तिचीच पोरं. उद्या फलकावर देणगीदारांची नावं लागली की मैदान कुणाचं, हा प्रश्न उभा राहील, आणि तो मला पैशाहून गंभीर वाटतो.

‘थेट वर्गणी मागितली तर लोक देत नाहीत’, असं यावर सांगितलं जातं. मला ते पटत नाही. गणपतीला आणि हरिनाम सप्ताहाला हेच लोक पट्टी देतात, कारण खर्च डोळ्यांसमोर होतो. मैदान हे नगर परिषदेचं काम, आपण का द्यायचं, हा आक्षेप त्याहून वजनदार आहे आणि निम्मा खराही. जागा आणि कुंपण हे नगर परिषदेकडूनच घ्यावं. विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षित असलेली खासगी जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षणच जातं. वर्गणीच्या नादात तिकडे दुर्लक्ष व्हायला नको. लोकांचा पैसा लागतो तो नंतर. झोक्याची साखळी ज्या कडीत अडकवलेली असते ती कडी आतून झिजते, घसरगुंडीचा पत्रा कडेला सुटून धार वर येते, आणि एप्रिलमध्ये तोच पत्रा इतका तापतो की पोरं शिवतही नाहीत. वेल्डिंग, रंग, खाली टाकायची वाळू, सावलीला दोन कडुनिंब: इथे थोडी पण नियमित रक्कम खरंच उपयोगी पडते.

तेव्हा दुकानाचा मार्ग धरायचाच असेल तर जुन्या धर्मादायाचा दाखला समोर ठेवा. व्यापारी सौद्यामागे धर्मादाय म्हणून रक्कम घेत, आणि ती गेली कुठे हे देणाऱ्याला कळत नसे. म्हणूनच 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम 54 आहे. धंद्याच्या रिवाजाने किंवा आपसातल्या कराराने, कुठल्याही नावाने, धर्मादाय किंवा धार्मिक कामासाठी घेतलेल्या रकमेचा दुकानदार हा विश्वस्त ठरतो आणि वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत त्याला उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. बिलावर मैदानासाठी वरचा रुपया घ्यायचा ठरवलात, तर हे कलम दुकानदाराला पहिल्याच दिवशी दाखवा. योजना एका दुकानाची न ठेवता गावातल्या सगळ्या किराणावाल्यांना विचारा, उधारीवाल्यांनाही धरा, आणि जमाखर्चाचा कागद दर महिन्याला मैदानाच्या फाटकावर लावा. एवढं करायला दुकानदार तयार नसेल तर त्याच्याकडून पैसे घेऊ नका.