वाचलेला वेळ कोणाच्या पदरात?



आपल्या घरांत मिक्सर आला, धुलाई यंत्र आले, गॅस आला, मोबाइल आला. पाट्यावरचे वाटण सुटले आणि वीजबिलाची रांगही सुटली. त्या वाचलेल्या तासांत तुम्ही काल काय केले? उत्तर लगेच सुचले नाही तर संकोच नको; मलाही सुचले नव्हते.

हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस सहीह बुखारीत आहे. तिचा आशय असा की, आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ माणसे तोट्यात राहतात. अशा माणसासाठी तेथे 'मगबून' हा शब्द आला आहे. तो बाजारातला शब्द होय. मालाचे मोल न उमजल्यामुळे जो तो कवडीमोलाने विकतो, किंवा हलका माल चढ्या भावाने घेतो, तो मगबून. त्याच्यावर कोणी दरोडा घातलेला नसतो. व्यवहार त्याने राजीखुशीने केलेला असतो. याच धातूपासून 'तगाबुन' हा शब्द येतो. दिव्य कुरआनच्या 64व्या सूरहचे हे नाव असून त्या सूरहत कयामतच्या दिवसालाच हे नाव दिले आहे. फुरसतीच्या या सौद्याचा हिशेब त्या दिवशी उलगडेल.

आज तुमच्या फुरसतीचे गिऱ्हाईक तुमच्या खिशातच आहे. रांगेतला तास मोबाइलने वाचवला आणि तोच तास एकामागून एक चित्रफिती दाखवून परत घेतला. याविषयी आपण नेहमी बोलतो, म्हणून येथे अधिक लिहीत नाही. घरातल्या यंत्रांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी 1930 मध्ये भाकीत केले होते की, शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. मुदत संपत आली आहे. पंधरा तास कोठे दिसत नाहीत. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी 1983 च्या आपल्या ग्रंथात तेथील गृहिणींचे उदाहरण मांडले. आधुनिक चूल आली तेव्हा लाकडे फोडण्याचे काम सुटले. पण ते पुरुषांचे होते. स्वयंपाक स्त्रीकडेच राहिला. धुलाई यंत्र आले तसे बाहेर धुवायला जाणारे कपडे घरात परतले आणि ते वरचेवर बदलले जाऊ लागले. कष्ट हलके झाले, परंतु तास उरले नाहीत. आपल्याकडे काय वेगळे घडले? पाट्यावर वाटताना जाऊ, नणंद, लेकी हात लावीत. आता बटणच दाबायचे, म्हणून कोणी उठत नाही.

आमच्या जमातीतील एका भगिनीला अस्रनंतर तासभर बसून आपले कुरआनपठण शुद्ध करायचे होते. दोन वर्षे ते जमले नाही. त्यांचे पती मला म्हणाले, "मौलाना, घरात सगळी यंत्रे आहेत. हिला वेळ मिळत नाही म्हणजे काय?" मी त्यांना विचारले, "यंत्रातून निघालेले कपडे वाळत कोण घालते?" ते गप्प राहिले. मग मी त्यांना हजरत आयेशा (रजि.) यांचे कथन सांगितले. प्रेषित (स.) घरात काय करीत, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले होते की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ होताच बाहेर पडत.

सूरह इन्शिराहमध्ये प्रेषितांना (स.) आदेश आहे की, मोकळे होताच इबादतीच्या परिश्रमाला लागावे. फुरसतीचे काम असे आधीच नेमलेले असते. म्हणून यंत्र घेताना दुकानातच ठरवा की याचा वाचलेला वेळ कोणाचा, आणि त्यात काय होणार. ठरवले नाही तर तो ज्याच्या हाती लागेल त्याचा.

त्या भगिनी आता अस्रनंतर आमच्या घरी, माझ्या पत्नीकडे शिकायला येतात. त्या वेळी कपड्यांच्या घड्या त्यांचे दोघे मुलगे घालतात. घड्या वाकड्या होतात, असे त्या हसत सांगतात.