रस्त्यावरचा गोंगाट : आकडा एक, आवाज अनेक

शहरातील ध्वनिप्रदूषणाविषयी बोलताना आपण सहसा एकच आकडा सांगतो : अमुक इतके डेसिबल. पासबुकातील शिल्लक दिसावी तसाच हा आकडा होय. परंतु शिल्लक कशी झाली हे समजण्यासाठी वरच्या नोंदी वाचाव्या लागतात. गोंगाटाच्या नोंदी वाचणे म्हणजेच वारंवारतेनुसार त्याचे विश्लेषण करणे.

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे वारंवारता. तिचे एकक हर्ट्झ. माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कोणत्याही मिश्र आवाजाची फोड निरनिराळ्या वारंवारतांत करता येते. मोजणीसाठी ६३, १२५, २५०, ५००, १००० असे दुपटीने वाढणारे पट्टे धरतात.

वाहतुकीच्या आवाजात मुख्यत्वे तीन घटक असतात.

पहिला इंजिनाचा. सहा सिलिंडरांचे चार-स्ट्रोक इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १० फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट, म्हणजे ३० हर्ट्झ. फेरे १५०० झाले की ७५ हर्ट्झ. हीच ती ट्रक-बसची घरघर.

दुसरा टायर व रस्ता यांच्या घर्षणाचा. त्याचा जोर १००० हर्ट्झच्या आसपास असतो. मोटारीचा वेग ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे गेला की इंजिनापेक्षा हाच आवाज वरचढ ठरतो.

तिसरा हॉर्नचा. त्याचे कर्कश स्वर २००० ते ४००० हर्ट्झपर्यंत पोहोचतात आणि आपला कान नेमका तेथेच अधिक तीक्ष्ण असतो.

आता नियमाकडे वळू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मात्र हे ‘ए’ भारित डेसिबल आहेत. मंद आवाजात कानाला खालचे स्वर कमी जाणवतात, म्हणून या पद्धतीत ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबलची वजावट मिळते. १००० हर्ट्झला काहीच नाही. समजा, रात्री खिडकीबाहेर ६३ हर्ट्झच्या पट्ट्यात ७० डेसिबलची घरघर आहे. वजावटीनंतर उरले ४४. कागदोपत्री सारे मर्यादेत! पण खिडकीची तावदाने थरथरतात आणि पहाटे कामावर जाणाऱ्याची झोप मोडते. त्याची तक्रार खोटी नसते. आकडा अपुरा असतो.

उपायही वारंवारतेनुसार बदलतात. १००० हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे ३४ सेंटिमीटर लांब असते. ती भिंतीने, बंद खिडकीने बरीच अडते. १०० हर्ट्झची लहर ३.४ मीटर लांब. ती भिंतीला वळसा घालते. तेथे चांगला सायलेन्सर, इंजिनाची निगा आणि रात्री अवजड वाहनांना दुसरा मार्ग हेच उपाय. हॉर्न मात्र चालकाच्या हातात आहे. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी ८५ डेसिबलच्या वर गोंगाट गेल्यास लाल दिव्याची वेळ पुन्हा सुरू करणाऱ्या सिग्नलची माहिती जाहीर केली, ती याच विचाराने.

म्हणून वस्तीतर्फे तक्रार अर्ज लिहिताना ‘फार गोंगाट होतो’ एवढ्यावर थांबू नये. घरघर आहे की सळसळ की हॉर्न, कोणत्या वेळी, खिडकी बंद केल्यावर किती उरतो, हे आठवडाभर वहीत टिपून अर्जासोबत जोडावे, आणि पट्ट्यांनुसार मोजणीची मागणी करावी.