बिनतारी टॉवर लॅम्प बसवताना

यंत्र चालू आहे, बंद पडले आहे की मालाची वाट पाहत उभे आहे, हे लांबून कळावे म्हणून त्याच्या माथ्यावर रंगीत दिव्यांचा जो उभा खांब बसवतात, त्याला कारखान्यात टॉवर लॅम्प म्हणतात. बिनतारी टॉवर लॅम्पमध्ये या खांबाच्या बुडाशी एक लहान रेडिओ प्रेषक असतो. कोणता दिवा लागला आहे याचा निरोप तो शेडमधल्या गेटवेकडे पाठवतो आणि गेटवेला जोडलेल्या संगणकावर प्रत्येक यंत्राची अवस्था वेळेसह नोंदली जाते. दिवा समोरच्या माणसासाठी असतो. नोंद समोर नसलेल्यासाठी.

मुरबाडच्या एमआयडीसीत आणि शहापूर तालुक्यातल्या वासिंद, आसनगाव, आटगाव या पट्ट्यात अशा नोंदीचा उपयोग मोठा आहे. इथल्या लहान कारखान्यांतून जुनी आणि नवी यंत्रे शेजारीशेजारी चालतात. मालक बरेचदा कल्याण-ठाण्याला राहतो, रात्रपाळीला एकच सुपरवायझर असतो, आणि आवणीच्या दिवसांत निम्मे हात भातशेतीत गुंतलेले असतात. कोणते यंत्र केव्हापासून उभे आहे हे सांगायला त्या दिवसांत माणूस मोकळा नसतो. पुढील विवेचन या दोन तालुक्यांतल्या कारखान्यांत असे दिवे बसवताना, आणि दुसऱ्यांनी बसवलेले दुरुस्त करताना, आलेल्या अनुभवांवर आधारलेले आहे.

बिनतारी म्हणजे विनातार नव्हे. वाचते ती फक्त संदेशाची तार. दिव्याला वीज लागतेच. ती बहुधा यंत्राच्या पॅनेलमधून २४ व्होल्ट डीसी अशी घेतली जाते. बॅटरीवर चालणारे प्रेषकही मिळतात, पण दिवा आणि प्रेषक दोन्ही बॅटरीवर ठेवले तर ती फार पुरत नाही. तारेचा खर्च वाचतो तो मात्र खरा. काँक्रीटची जमीन फोडावी लागत नाही, यंत्राची जागा बदलली तरी पुन्हा केबल टाकावी लागत नाही, आणि केबल ट्रेमध्ये उंदरांनी कुरतडलेली तार शोधत बसावे लागत नाही.

जोडणीत सर्वांत जास्त चुका रेडिओत होत नाहीत, त्या हिरव्या दिव्याचा संकेत कुठून घ्यायचा यात होतात. पॉवर प्रेसचे उदाहरण घेऊ. वायरमनला सर्वांत सोपी जागा दिसते ती मुख्य मोटरच्या काँटॅक्टरची. त्याच्या सहायक संपर्कावरून तार घेतली की मोटर सुरू होताच हिरवा दिवा लागतो. पण प्रेसची मोटर फ्लायव्हील फिरवत असते. घाव बसतो तो क्लच लागल्यावर. ऑपरेटर कॉइल आणायला गेला, डाय अडकली, क्वालिटीवाल्याने काम थांबवले, तरी फ्लायव्हील फिरतच राहते आणि हिरवा दिवा तेवतच राहतो. मुरबाडच्या एका प्रेस शॉपमध्ये महिनाअखेरीस संगणकाने जवळजवळ पूर्णवेळ काम झाल्याचे दाखवले. क्रेटमधले नग मात्र त्याच्या आसपासही नव्हते. दोष ऑपरेटरवर ढकलला गेला. त्याने काहीच केले नव्हते. दिव्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता: मोटर चालू आहे का, असे विचारले गेले होते, माल निघतो आहे का, असे विचारायला हवे होते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. क्रँकच्या शाफ्टवर लोखंडाचा लहान तुकडा आणि त्याच्यासमोर प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवला की प्रत्येक स्ट्रोकला एक स्पंद मिळतो. ठरावीक वेळेत पुढचा स्ट्रोक आला तरच हिरवा चालू राहावा, नाही तर तो आपोआप पिवळ्यावर जावा. ही वेळ त्या कामाच्या सायकलच्या दोन-तीन पट ठेवली तर पट्टी सरकवताना उगाच पिवळा लागत नाही. इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर साचा उघडण्या-मिटण्याचा संकेत घ्यावा. सीएनसीवर सायकल चालू असल्याचा रिले आउटपुट बहुधा मिळतो. जुन्या लेथवर यातले काहीच नसते. तिथे मोटरच्या एका फेजच्या तारेभोवती करंट ट्रान्सफॉर्मर बसवून प्रवाह मोजता येतो. मात्र इंडक्शन मोटर भाराविनाही पूर्ण भाराच्या प्रवाहातला बराच भाग, लहान मोटर तर बरेचदा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त, ओढत असते. म्हणून मर्यादा कॅटलॉग पाहून ठरवू नये. रिकामी मोटर आणि कापत असलेली मोटर, दोन्ही क्लॅम्प मीटरने मोजून मधला आकडा घ्यावा.

संकेत घेताना व्होल्टेज तपासणे ओघाने आले. जुन्या पॅनेलमध्ये नियंत्रणाचे सर्किट ११० किंवा २३० व्होल्ट एसीवर असते आणि प्रेषकाचे इनपुट २४ व्होल्ट डीसीचे. मध्ये रिले घालून दोन्ही सर्किट वेगळी ठेवणे हाच सरळ मार्ग. काँटॅक्टवर स्नबर असेल तर त्यातून झिरपणाऱ्या थोड्याशा प्रवाहानेही एलईडी मंद पेटून राहतो आणि प्रेषक त्याला ‘चालू’ समजतो. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पुष्कळ यंत्रांचा कंट्रोलर पिवळा किंवा लाल दिवा उघडझाप करत लावतो. प्रेषकात उघडझाप ओळखण्याची सोय चालू केलेली नसेल, तर तो प्रत्येक उघडझाप नवा बिघाड म्हणून नोंदवतो आणि एका रात्रीत शेकडो ब्रेकडाउनचा अहवाल तयार होतो.

इमर्जन्सी स्टॉप, सेफ्टी गार्ड, लाइट कर्टन यांच्या सर्किटमधून दिव्यासाठी तार काढू नये, आणि बिनतारी दिव्याच्या भरवशावर कोणालाही यंत्रात हात घालू देऊ नये. हे दिवे माहिती देण्यासाठी आहेत. माणसाच्या हाताचे रक्षण त्यांच्यावर सोपवता येत नाही, आणि याला अपवाद नाही.

रंगांचे अर्थ आयईसी ६०२०४-१ या मानकात दिलेले आहेत: लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे काही तरी बिघडते आहे, हिरवा म्हणजे सर्व ठीक, निळा म्हणजे ऑपरेटरने काही करणे आवश्यक आहे. कारखान्यात लाल सरसकट ‘बंद’साठी वापरला जातो. तसे करायचे असेल तर साऱ्या शेडमध्ये एकच पद्धत ठेवावी आणि अर्थ मराठी-हिंदीत लिहून यंत्रावर लावावेत. लाल नेहमी वरच्या टोकालाच असावा, कारण काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक ओळखता येत नाही; ते जागेवरून ओळखतात.

रंगांहून अवघड आहे तो विश्वास. दिवा बंद यंत्राकडे मदत बोलावण्यासाठी असतो. टोयोटाच्या कारखान्यांत रुजलेल्या या पद्धतीचे मूळ साकिची टोयोडा यांच्या यंत्रमागात आहे. १९२४ साली पूर्ण झालेला त्यांचा स्वयंचलित माग सूत तुटताच आपोआप थांबत असे, जेणेकरून खराब कापड पुढे विणले जाऊ नये. थांबणे हा तिथे गुन्हा नव्हता. आपल्याकडे लाल दिवा लागला की सुपरवायझर ओरडत येतो. मग कंत्राटी कामगार ‘माल नाही’चे बटन दाबतच नाही, किंवा सेन्सरसमोर लोखंडी पट्टी हलवून हिरवा टिकवतो. दिवे बसवण्याआधी पाळीच्या माणसांना एकत्र बसवून, नोंदीवरून कोणाचाही पगार कापला जाणार नाही हे स्पष्ट सांगावे आणि ते पाळावे. ज्या शेडमध्ये हे पाळले गेले, तिथे ऑपरेटरनेच दाखवून दिले की यंत्र बिघडल्याने थोडा आणि क्रेनची वाट पाहण्यात कितीतरी जास्त वेळ जातो.

रेडिओची खरेदी करताना पहिली चौकशी वारंवारतेची. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून विनापरवाना खुला आहे. दुसरा २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढवला गेला. अमेरिकेसाठी बनवलेली उपकरणे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि भारतात त्यातला ९१५ पर्यंतचा भाग मोबाइल सेवेच्या पट्ट्यात येतो. ऑनलाइन स्वस्तात मागवलेला ‘९१५’चा संच सुरू होईलही, पण तो इथे वापरणे नियमबाह्य आहे. विक्रेत्याकडे दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन आणि समन्वय शाखेची उपकरण मंजुरी, म्हणजे ईटीए, मागावी. २.४ गिगाहर्ट्झ निवडल्यास ऑफिसचे वाय-फाय कोणत्या चॅनलवर आहे ते आधी पाहावे आणि दिव्यांचे जाळे त्यापासून दूरच्या चॅनलवर ठेवावे.

पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओलहरी सरळ जात नाहीत. भिंती, छप्पर, रॅक, यंत्रे, सगळीकडे धातू. वासिंदच्या जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे तयार होतात. तसल्याच पत्र्यांची भिंत असलेल्या ऑफिसात गेटवे ठेवला तर निम्मे दिवे गप्प होतात. गेटवे शेडच्या आत, उंचावर, शक्यतो मध्यभागी हवा. प्रेषकाचा अँटेना लोखंडी पॅनेलच्या आत कधीच नसावा. अँटेनांना जोडणारी नुसती सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. शंभर मीटर अंतरावर, मधोमध, २.४ गिगाहर्ट्झला त्या रेषेभोवती सुमारे पावणेदोन मीटर आणि ८६६ मेगाहर्ट्झला सुमारे तीन मीटर मोकळी जागा असणे चांगले. मात्र कमी वारंवारतेची लहर अडथळ्याला वळसा घालण्यात सरस असते, म्हणून गर्दीच्या शेडमध्ये ८६५चा पट्टा बहुधा बरा ठरतो. धातूवर आपटून परतलेल्या लहरी काही जागी एकमेकींना मारून टाकतात. तिथे अँटेना काही सेंटिमीटर सरकवूनही संदेश सुधारतो.

चाचणी मात्र भरलेल्या शेडमध्ये घ्यावी. एका कारखान्यात ती दिवाळीच्या सुट्टीत घेतली गेली. शेड रिकामी, क्रेन टोकाला, शटर उघडे. सगळे दिवे नीट बोलत होते. सुट्टी संपून कॉइलच्या थप्प्या लागल्या आणि क्रेन मधल्या बेमध्ये उभी राहू लागली, तसे मागच्या भिंतीकडचे दिवे दिवसातून अनेकदा तुटू लागले. मालाची सर्वाधिक गर्दी, मिटलेले शटर आणि मधोमध उभी क्रेन, या स्थितीत संदेशाची ताकद उपकरणाच्या किमान गरजेपेक्षा १५ डेसिबल तरी जास्त असावी.

तरीही कधी ना कधी संदेश तुटणारच. तो तुटल्यावर पडद्यावर काय दिसते, यावर सगळ्या व्यवस्थेची किंमत ठरते. आसनगावजवळच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात रात्री एका दिव्याच्या प्रेषकाचा वीजपुरवठा निकामी झाला. पडद्यावर शेवटचा निरोप तसाच राहिला: हिरवा. त्यानंतर ते मोल्डिंग मशीन हीटर जळून थांबले. ऑफिसातला माणूस पडदा पाहून निश्चिंत, आणि शेडमधला एकटा ऑपरेटर दुसऱ्या टोकाला. सकाळी पाळी बदलली तेव्हा बॅरल थंडगार होते आणि आतले प्लास्टिक गोठलेले. स्क्रू मोकळा करायलाच दिवस गेला. या प्रकारात प्रेषकाच्या बिघाडाला दोष देता येत नाही, वस्तू बिघडतातच. निरोप न येणे हा स्वतंत्र निरोप मानला गेला नव्हता, हा खरा दोष.

म्हणून प्रत्येक प्रेषकाने, अवस्था बदललेली नसली तरी, ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असा संदेश पाठवला पाहिजे. असे सलग तीन संदेश चुकले की पडद्यावर ते यंत्र करड्या रंगात जावे. हिरव्यात नाही आणि लालमध्येही नाही. करड्या वेळेची बेरीज अहवालात वेगळी दाखवावी, ती चालू किंवा बंद वेळेत मिसळू नये. ज्या विक्रेत्याच्या प्रणालीत ही सोय नाही, त्याची प्रणाली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. बसवल्यावर चाचणीही अशीच घ्यावी: यंत्र चालू असताना प्रेषकाची वीज काढावी आणि पडदा किती वेळात करडा होतो ते पाहावे.

वीज जाणे हे इथले रोजचे वास्तव. गेटवे आणि संगणक यूपीएसवर हवेत, नाही तर वीज गेल्याची नोंद करणाराच वीज गेल्यावर बंद असतो. गेटवेच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी आहे का तेही पाहावे. नसेल तर वीज परतल्यावर वेळा चुकतात आणि पाळ्यांचे हिशेब सरमिसळ होतात.

पावसाळ्यासाठी दिवा निदान आयपी ६५ दर्जाचा असावा, केबल खालून ग्लँडमधून आत जावी आणि ग्लँडच्या आधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते. मोकळी राहिलेली भोके बुजवावीत. पाली आणि मुंग्या तिथूनच आत शिरतात. छपरावर अँटेना नेणे टाळावे. नेलाच तर त्याच्या केबलला सर्ज अरेस्टर आणि चांगली अर्थिंग हवी. जूनच्या पहिल्या विजांमध्ये हा खर्च भरून निघतो.

सुरुवात थोड्या यंत्रांवर करावी आणि काही आठवडे वहीतली नोंद व संगणकाची नोंद शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत फरक पडला की आधी सेन्सरची जागा तपासावी, मग माणसाला विचारावे. प्रत्येक दिव्याचा क्रमांक दिव्यावर, यंत्रावर आणि पडद्यावर एकच असावा. विक्रेत्याचा तंत्रज्ञ पुण्याहून किंवा मुंबईहून यायला वेळ लागतो, म्हणून प्रेषक बदलून पुन्हा जाळ्यात जोडण्याचे काम कारखान्यातल्या वायरमनला, तालुक्याच्या आयटीआयमधून आलेल्या मुलाला, बसवतानाच शिकवून घ्यावे. सेटिंगची एक प्रत संगणकाबाहेर, पेन ड्राइव्हवर ठेवावी, आणि एक तयार प्रेषक व एक २४ व्होल्टचा पुरवठा स्टोअरमध्ये राखून ठेवावा.