मुलगी पुढे, मुलगा मागे?

प्रश्न : मुलगी वर्गात पहिली, धाकटा मुलगा मात्र काठावर पास. ‘पोरांना अभ्यास जमतच नाही,’ असं त्याचे सर म्हणतात. खरं का?
– एक आई, चौसाळा (जि. बीड)

उत्तर : ताई, हा गैरसमज आहे. २०२५च्या दहावीत राज्यात ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९२.३१ टक्के. मुली पुढे आहेत, पण शंभरातले बाण्णव मुलगेही पास होतातच की!

बीडकडे अडचण बहुधा वेगळीच असते : ऊसतोडीच्या हंगामात बुडणारी शाळा. घरातलं कुणी ऊसतोडीला जात असेल, तर त्या काळात मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. नसेल तर सरांना भेटून, न भांडता, नेमकं काय अडतं ते विचारा. वाचन की गणित?

बहिणीशी तुलना मात्र नको. आणि त्याला फळा नीट दिसतो ना, तेही तपासून घ्या.